हेलिकॉप्टरद्वारा अग्निशमन

हेलिकॉप्टरमधून पाणी, फेन किंवा अग्निरोधक रसायनांचे द्रावण आगीवर अथवा आगीच्या मार्गातील जळाऊ पदार्थांवर टाकून, तसेच माणसे, साधने व माहिती आगीच्या ठिकाणी पोहोचवून आग आटोक्यात आणण्याच्या कार्यास हेलिकॉप्टरद्वारा अग्निशमन असे म्हणतात. या कामी विमानेही वापरली जातात; तथापि विमानास धावपट्टी किंवा विस्तीर्ण जलाशय लागतो व ते आगीवरून वेगाने निघून जाते. हेलिकॉप्टर एका जागी तरंगू शकते, लहानशा तलावातून पाणी उचलू शकते आणि अरुंद दरीतही बऱ्याच अचूकपणे पाणी टाकू शकते. डोंगराळ प्रदेशातील वणव्यांसाठी ते विशेष सोयीचे ठरते, ते यामुळेच.

हेलिकॉप्टर आग विझवते, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः बहुतेक प्रसंगी ते आगीचा वेग कमी करते आणि जमिनीवरील माणसांना तिच्यापर्यंत पोहोचण्यास अवधी मिळवून देते. त्यामुळे त्याची उपयुक्तता यंत्राच्या आकारापेक्षा दोन अंतरांवर अधिक अवलंबून असते. पहिले अंतर आगीपासून पाण्याचे व दुसरे आगीपासून माणसांचे होय.

साधने : सर्वांत प्रचलित साधन म्हणजे हेलिकॉप्टरखाली दोराने टांगलेली बादली. पूर्वी या बादल्या धातूच्या किंवा काचतंतूच्या असत. १९८० च्या दशकाच्या आरंभी कॅनडात घडी घालता येणारी, चिवट कापडाची बादली तयार करण्यात आली. ती ‘बांबी बकेट’ या व्यापारी नावाने जगभर परिचित असून भारतीय हवाई दलही तीच वापरते. जलाशयावर तरंगत असताना बादली पाण्यात सोडतात. ती कलंडून एखाद्या मिनिटात भरते. आगीवर आल्यावर वैमानिक विजेच्या कळीने तळाची झडप उघडतो. दुसऱ्या प्रकारात हेलिकॉप्टरच्या पोटाशी पक्की टाकी बसविलेली असते व खाली सोडलेल्या जाड नळीतून पंपाने पाणी ओढून घेतले जाते. अमेरिकी बनावटीच्या ‘स्कायक्रेन’ या हेलिकॉप्टरची अशी टाकी सु. १०,००० लि. पाणी घेते व पाऊण मिनिटात भरते. रशियन ‘मी–२६’ या अवजड हेलिकॉप्टरखाली १५,००० लि. पाण्याची बादली टांगता येते. भारतीय हवाई दलाच्या ‘मी–१७ व्ही ५’ हेलिकॉप्टरची बादली सु. ३,५०० लि.ची असते, मात्र उष्ण हवेत व उंचीवर ती पूर्ण भरून नेता येतेच असे नाही. हवा १५° से. ऐवजी ४०° से. तापमानाची असल्यास तिची घनता सु. ८ टक्क्यांनी कमी होते आणि घूर्णकास मिळणारा आधार तेवढाच घटतो. वणव्याचे दिवस हे उन्हाळ्याचेच दिवस असल्याने ही अडचण नेहमीची आहे.

पाण्यात फेनद्रव्य मिसळल्यास पाणी पानांवर व गवतावर अधिक काळ टिकते. अमोनियम फॉस्फेटयुक्त अग्निरोधक द्रावण पाणी वाळून गेल्यावरही परिणाम करते. कोठे टाकले ते वरून दिसावे म्हणून त्यात तांबडा रंग मिसळतात. पिण्याच्या पाण्याच्या तलावातून बादली भरावयाची असल्यास फेनद्रव्य तलावात जाणार नाही, याची काळजी घ्यावी लागते.

पाणी व उष्णता : हेलिकॉप्टरच्या एका खेपेचे सामर्थ्य किती, हे साध्या गणिताने समजते. ३०° से. तापमानाचे १ लि. पाणी उकळबिंदूपर्यंत तापून त्याची पूर्ण वाफ होईपर्यंत ते सु. २,५५० किलोज्यूल उष्णता शोषते. १ किग्रॅ. वाळलेले लाकूड अथवा गवत जळताना सु. १८,००० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. म्हणजे १ लि. पाणी सु. १४० ग्रॅ. वाळलेल्या पाचोळ्याच्या उष्णतेशीच बरोबरी करू शकते. पूर्ण भरलेली ३,५०० लि.ची बादली या हिशेबाने सु. ५०० किग्रॅ. लाकडाच्या उष्णतेस पुरेल. एक मध्यम आकाराचा वठलेला वृक्ष एवढ्या वजनाचा सहज भरतो. जळत्या रानाची सगळी उष्णता पाण्याने शोषून घेणे अर्थातच आवश्यक नसते. ज्वालांच्या पुढील पट्टा भिजवून त्याचे तापमान पेट घेण्याच्या बिंदूखाली ठेवणे पुरेसे असते. ३,००० लि. पाणी ६० मी. लांब व १० मी. रुंद पट्ट्यावर सारखे पडले, तर दर चौ. मी.ला ५ लि. मिळतात. पावसाच्या भाषेत ही ५ मिमी.ची सर झाली. कडक उन्हात व वाऱ्यात अशी ओल फार वेळ टिकत नाही, म्हणून ती टिकून असतानाच माणसांनी तेथे येऊन पाचोळा बाजूस ओढणे व जाळरेषा काढणे अगत्याचे असते.

वणव्याचे सामर्थ्य त्याच्या आघाडीच्या दर मीटर लांबीतून दर सेकंदास बाहेर पडणाऱ्या उष्णतेने मोजतात. इंधनाचे ऊष्मीय मूल्य, दर चौ. मी.वरील इंधनाचे वजन आणि आगीचा वेग यांच्या गुणाकाराने ते मिळते. दर चौ. मी.ला अर्धा किग्रॅ. पाचोळा असलेल्या सपाट रानात आग मिनिटाला १ मी. या संथ गतीने सरकत असेल, तर तिची तीव्रता मीटरला सु. १५० किलोवॉट भरते. अशी आग माणसे हिरव्या डहाळ्यांनी झोडपून विझवू शकतात; ही मर्यादा साधारणतः ३५० किलोवॉटपर्यंत मानतात. तेवढेच इंधन उभ्या उतारावर, वाऱ्याची साथ मिळून सेकंदाला ०.३ मी. वेगाने पेटत गेल्यास तीव्रता २,७०० किलोवॉटवर जाते. अशा आघाडीसमोर माणूस उभा राहू शकत नाही व पाण्याच्या एकेकट्या खेपाही बहुधा वाया जातात. इंधन तेच असून केवळ वेगामुळे १८ पट फरक पडतो, ही गोष्ट महत्त्वाची आहे. हेलिकॉप्टरचे खरे कार्यक्षेत्र या दोन टोकांच्या दरम्यान असते. तेथे पडलेले पाणी आघाडीची तीव्रता माणसांच्या आवाक्यात आणून ठेवते. उताराचा कोन दर १०° ने वाढला की, वर चढणाऱ्या आगीचा वेग स्थूलमानाने दुप्पट होतो, असे मानले जाते. सह्याद्रीतील बहुतेक वणवे जमिनीलगतच्या पाचोळ्याचे असतात, झाडांच्या शेंड्यांवरून धावणारे नसतात. त्यामुळे ते वेळीच दिसले, तर हेलिकॉप्टर न बोलावताही विझवता येतात. न दिसल्यास अथवा कड्याकपारीत शिरल्यास मात्र दुसरा उपाय राहत नाही.

घूर्णकाखालून निघणारा हवेचा झोत हा या साधनाचा अंगभूत दोष होय. फार खालून पाणी टाकल्यास झोताने निखारे उडून आग दुसरीकडे लागते. फार उंचावरून टाकल्यास पाण्याचे तुषार होऊन ते वाऱ्याबरोबर भरकटतात. बादलीचा दोर लांब ठेवल्याने पहिला दोष बराच कमी होतो, परंतु लांब दोर झाडांत व तारांत अडकण्याची भीती वाढते. दाट धुरात वैमानिकास काहीच दिसत नाही. रात्रीच्या अंधारात असे उड्डाण करण्यास खास उपकरणे व प्रशिक्षण लागत असल्याने बहुतेक देशांत हे काम सूर्यास्ताबरोबर थांबते.

इतिहास : बेल कंपनीच्या ‘बेल–४७’ या हेलिकॉप्टरला १९४६ मध्ये अमेरिकेत नागरी वापराचे पहिले प्रमाणपत्र मिळाले व पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातील एंजलीस राष्ट्रीय वनाच्या वणव्यात हेलिकॉप्टरचा उपयोग झाला. त्या वेळी टेहळणी आणि माणसांची ने-आण एवढेच काम त्याकडे होते. पाणी टाकण्याचे प्रयोग १९५० नंतरच्या दशकात झाले. टर्बाइन एंजिने आल्यावर वाहनक्षमता वाढली आणि कॅनडा, सोव्हिएट रशिया, भूमध्य समुद्रालगतचे देश व ऑस्ट्रेलिया येथे हे साधन रुळले. चेर्नोबिल येथील अणुवीजकेंद्राच्या १९८६ मधील अपघातानंतर हेलिकॉप्टरांनी उघड्या पडलेल्या अणुभट्टीवर वाळू, चिकणमाती, शिसे, डोलोमाइट व बोरॉनसंयुगे मिळून सु. ५,००० टन पदार्थ टाकले. त्याच वर्षी २ ऑक्टोबर रोजी तेथे काम करणाऱ्या एका ‘मी–८’ हेलिकॉप्टरचे घूर्णक यारीच्या तारेस लागून ते कोसळले व त्यातील चारही जण मरण पावले. आगीपेक्षा तारेने अधिक घात होतो, याचे हे बहुश्रुत उदाहरण आहे.

भारतातील वापर : १९८४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने महाराष्ट्रातील चंद्रपूर व तत्कालीन उत्तर प्रदेशातील हलद्वानी या दोन ठिकाणी वणवा नियंत्रणाचा आधुनिक प्रकल्प सुरू झाला. वणवे रोखणे, ते लवकर शोधणे व विझविणे यांच्या नव्या पद्धती प्रत्यक्ष रानात पडताळून पाहणे हा त्याचा उद्देश होता. बादलीने पाणी टाकण्याचे काम भारतात ठळकपणे पुढे आले, ते २०१६ च्या उत्तराखंडातील वणव्यांत. हवाई दलाच्या ‘मी–१७’ हेलिकॉप्टरांनी भीमताल सरोवरातून पाणी उचलले. तथापि दरीत साचलेल्या धुराने कामात वारंवार खंड पडला. त्यानंतर कर्नाटकातील बंदीपूर (फेब्रुवारी २०१९), नागालँड–मणिपूर सीमेवरील झुकू खोरे (जानेवारी २०२१) व राजस्थानातील सरिस्का (मार्च २०२२) येथील वणव्यांत हवाई दल उतरले. सरिस्कासाठी पाणी सिलीसेढ तलावातून घेण्यात आले.

मराठी वाचकास सर्वांत जवळचे उदाहरण गोव्याचे आहे. मार्च २०२३ च्या पहिल्या आठवड्यात सत्तरी तालुक्यातील म्हादई अभयारण्यात वणवा पेटला आणि पाठोपाठ गोव्याच्या डोंगराळ भागात अनेक ठिकाणी आगी लागल्या. सु. २०८ चौ. किमी. क्षेत्राचे हे अभयारण्य १९९९ मध्ये घोषित झाले असून त्याचा बराचसा भाग सह्याद्रीच्या उभ्या उतारांवर आहे. अग्निशमन दलाची गाडी जेथे थांबते तेथून आगीपर्यंत चढून जाण्यातच दिवसाचा मोठा भाग जाई. नौदलाने प्रथम हवाई पाहणी केली व मग द्रव फवारणीच्या साधनाने सज्ज हेलिकॉप्टरे पाठविली. हवाई दलाचे ‘मी–१७’ बांबी बकेटसह आले. खाली वनकर्मचारी व स्वयंसेवक पायी फिरत होते. हेलिकॉप्टरने ज्वाला खाली बसवाव्यात आणि माणसांनी उरलेली धग विझवावी, अशी ही विभागणी होती. एकाच वेळी अनेक ठिकाणी आग असल्याने कोणत्या ठिकाणी पाणी टाकावे, हा निर्णयच सर्वांत कठीण ठरतो. हेलिकॉप्टर एका वेळी एकाच डोंगरावर असू शकते. काजूच्या बागा हंगामापूर्वी साफ करताना पालापाचोळा जाळण्याची रीत त्या भागात जुनी असून अशी आग रानात शिरण्याचा धोका असतो.

त्याच महिन्यात केरळमधील कोचीनजीकच्या ब्रह्मपुरम् येथील कचरा प्रकल्पास आग लागून अनेक दिवस शहरावर धूर पसरला. तेथेही नौदल व हवाई दल यांची हेलिकॉप्टरे वापरली गेली. कचऱ्याच्या ढिगात आग पोटात खोलवर असते व वरून टाकलेले पाणी पृष्ठभागावरून ओघळून जाते, ही त्या प्रकारच्या आगीची अडचण आहे. अवजड यंत्रांनी ढीग उकरून थर उघडे केल्यावरच पाण्याचा उपयोग होतो.

वसई-विरार परिसर : महाराष्ट्रात या साधनाचे गुणदोष एकाच ठिकाणी पाहावयाचे झाल्यास पालघर जिल्ह्यातील वसई-विरारचा प्रदेश अभ्यासण्याजोगा आहे. पश्चिमेस अरबी समुद्र, दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा आणि पूर्वेस तुंगारेश्वरची डोंगररांग यांच्या दरम्यान हे शहर वसले आहे. चार नगरपरिषदा व अनेक ग्रामपंचायती मिळून ३ जुलै २००९ रोजी येथे महानगरपालिका स्थापन झाली. पश्चिमेकडे वाड्या, मिठागरे व खाजणे, मध्ये रेल्वेच्या दोन्ही बाजूंस दाट वस्ती, पूर्वेकडे वालीव, सातिवली, गोखिवरे येथील कारखान्यांचे गाळे, त्यांस लागून मुंबई–अहमदाबाद महामार्ग आणि महामार्ग ओलांडताच रान, असा हा क्रम आहे. शहर आणि अरण्य यांच्यामध्ये एवढे थोडे अंतर असलेली ठिकाणे राज्यात फार नाहीत.

शहरातील आगींस हेलिकॉप्टरचा उपयोग जवळजवळ नाही. विरार येथील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागास २३ एप्रिल २०२१ रोजी पहाटे आग लागून कोविडचे किमान १३ रुग्ण मृत्युमुखी पडले. अशा आगीत काही मिनिटांतच धूर प्राणघातक ठरतो आणि ती इमारतीच्या आत असते. तेथे आकाशातून येणारे कोणतेही साधन उपयोगी पडत नाही. गाळ्यांच्या व चाळींच्या पत्र्याच्या छपरांवर ३ टन पाणी एकदम सोडणे हे आगीइतकेच धोक्याचे आहे. शिवाय घूर्णकाचा झोत पत्रे उडवितो व ज्वाला शेजारच्या गाळ्यांत लोटतो. रसायनांच्या व तेलाच्या आगींवर तर साधे पाणी टाकणेच निषिद्ध ठरू शकते. गोखिवरे येथील कचराभूमीस उन्हाळ्यात लागणाऱ्या आगी ब्रह्मपुरम्‌च्याच जातीच्या असल्याने त्यांनाही वरचे विवेचन लागू पडते.

उंच इमारतींच्या बाबतीत हेलिकॉप्टर पाणी टाकण्यासाठी नव्हे, तर माणसे उचलण्यासाठी उपयोगी पडल्याची उदाहरणे आहेत. ब्राझीलमधील साऊँ पाउलू शहरात २४ फेब्रुवारी १९७२ रोजी ‘आंद्राउस’ इमारत पेटली, तेव्हा छतावर हेलिकॉप्टर उतरण्याची जागा असल्याने शेकडो लोकांची सुटका झाली. दोन वर्षांनी, १ फेब्रुवारी १९७४ रोजी, त्याच शहरातील ‘जोएल्मा’ इमारतीस आग लागली. पहिल्या घटनेची आठवण ठेवून अनेकजण छताकडे धावले. त्या छतावर उतरण्याची सोय नव्हती व उष्णतेमुळे आणि धुरामुळे हेलिकॉप्टर जवळ येऊ शकले नाही. त्या आगीत १७० हून अधिक लोक मरण पावले. विरार व नालासोपारा येथे उंच इमारतींची संख्या वाढत असताना हा फरक लक्षात घेण्यासारखा आहे. छताचे दार बंद असेल व तेथे टाक्या, मनोरे आणि तारा यांची गर्दी असेल, तर छत हे सुटकेचे ठिकाण राहत नाही. आगीत सुरक्षित राहणारा, धूर न शिरणारा जिना हाच मुख्य मार्ग समजला पाहिजे.

तुंगारेश्वरचे रान मात्र या साधनास योग्य आहे. सु. ८६ चौ. किमी.चे हे क्षेत्र २००३ मध्ये वन्यजीव अभयारण्य म्हणून घोषित झाले. वसई खाडीपलीकडील संजय गांधी राष्ट्रीय उद्यान व पूर्वेकडील तानसा अभयारण्य यांना जोडणाऱ्या वनपट्ट्यातील तो दुवा असून बिबट्या व अन्य वन्य प्राण्यांच्या दृष्टीने त्याचे महत्त्व क्षेत्रफळावरून वाटते त्याहून पुष्कळ अधिक आहे. डोंगरमाथा ६०० मी.हून उंच आहे. साग, ऐन, खैर, पळस, बांबू हे येथील वनस्पतींतील मुख्य घटक होत. सागाची मोठी पाने उन्हाळ्यापूर्वी गळून जमिनीवर कोरडा थर तयार होतो आणि फेब्रुवारी ते मे या काळात तो ठिणगीची वाट पाहत असतो. त्याच सागामुळे हेलिकॉप्टरचे काम सोपेही होते; निष्पर्ण फांद्यांतून पाणी थेट जमिनीपर्यंत पोहोचते, सदाहरित रानाप्रमाणे वरच्या पानांवर अडून राहत नाही.

येथील आगी बहुधा मानवनिर्मित असतात. भातरोपांच्या जागी पालापाचोळा, शेण व गवत पसरून ते जाळण्याची, म्हणजे राब भाजण्याची, रीत जुन्या ठाणे जिल्ह्यात सर्वत्र होती व अद्याप काही ठिकाणी आहे. राब भाजताना वारा उलटला तर बांधापलीकडचे गवत पेट घेते. मात्र सर्व दोष शेतकऱ्यावर टाकणे न्याय्य नाही. महामार्गावरून फेकलेली विडी-सिगारेट, डोंगरावर येणाऱ्यांनी मागे ठेवलेल्या चुली, रानाच्या कडेस जाळलेला कचरा यांचा वाटा वस्तीबरोबर वाढला आहे. महाशिवरात्रीस तुंगारेश्वराच्या दर्शनासाठी मोठी गर्दी होते, तो काळही नेमका कोरड्या हंगामातला असतो. अभयारण्यात आग लावणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे.

किनाऱ्यावरील वाऱ्यांचा क्रम येथे निर्णायक ठरतो. दुपारी समुद्राकडून खारे वारे वाहू लागतात. महामार्गाच्या बाजूने, म्हणजे पश्चिम पायथ्याशी, लागलेल्या आगीस त्या वेळी वारा आणि चढ या दोहोंचे बळ मिळून ती माथ्याकडे धावते. दुपारी दोन ते पाच हा काळ त्यामुळे सर्वांत वाईट असतो. याच वेळी हवा तापल्याने हेलिकॉप्टरची वाहनक्षमताही घटलेली असते. रात्री वारा फिरून जमिनीकडून मतलई वारे सुटतात, हवेतील ओल वाढते व आग मंदावते. वणवा विझविणाऱ्यांना ही वेळ सर्वांत अनुकूल असते, पण तेव्हा हेलिकॉप्टर जमिनीवर असते.

पाण्याच्या दृष्टीने परिसर सुदैवी आहे. डोंगराच्या पश्चिम पायथ्याशी पेल्हारचा, पूर्वेकडे उसगावचा आणि विरारजवळ पापडखिंडीचा जलाशय आहे. पेल्हारपासून आग ५ किमी. अंतरावर आहे, असे धरू. बादली टांगलेले हेलिकॉप्टर ताशी १०० किमी. वेगाने गेल्यास जाण्या-येण्यास ६ मिनिटे, भरण्यास १ व नेमकी जागा साधून पाणी टाकण्यास २ मिनिटे, अशी एक खेप ९ मिनिटांत होईल. तासाभरात सहा खेपा झाल्या व उन्हामुळे बादलीत ३,००० लि.च पाणी घेतले, तरी १८,००० लि. पाणी डोंगरावर पोहोचेल. वसई-विरारकरांना उन्हाळ्यात परिचित असलेल्या १०,००० लि.च्या टँकरच्या हिशेबाने हे पाणी पुरते दोन टँकरही भरत नाही. परंतु टँकर त्या उतारावर जाऊच शकत नाही. हेच पाणी ३० किमी. अंतरावरून आणावयाचे झाले, तर एका खेपेस ३९ मिनिटे लागतील आणि तासाला जेमतेम दीड खेप होईल. पाण्याचे अंतर किती मोलाचे असते, हे यावरून ध्यानात येईल. ही धरणे पिण्याच्या पाण्याची असली, तरी दिवसभरात उचलले जाणारे लाख-दीड लाख लिटर पाणी त्यांच्या साठ्याच्या मानाने नगण्य होय. अडचण असेल ती मेअखेरीस उतरलेल्या पातळीची, काठच्या झाडांची व वीजवाहिन्यांच्या मनोऱ्यांची. बादली कोठे बुडवावी व कोणत्या दिशेने यावे, हे आगीपूर्वीच ठरवून नकाशावर नोंदविलेले असावे लागते.

समुद्र व खाडी इतकी जवळ असताना गोडे पाणी का वापरावे, असा प्रश्न विचारला जातो. समुद्राच्या १ लि. पाण्यात सु. ३५ ग्रॅ. क्षार असतात, ३,००० लि.च्या बादलीबरोबर १०० किग्रॅ.हून अधिक मीठ रानात पडेल. येथे वर्षाला सु. २,००० मिमी.हून अधिक पाऊस पडत असल्याने ते पुढे धुऊन जाईल हे खरे. तथापि रोपांची हानी, पाणवठ्यांचे खारेपण आणि हेलिकॉप्टरच्या भागांचे गंजणे टाळता येत नाही. ग्रीससारख्या देशांत समुद्राचेही पाणी वापरतात. वसईत ती पाळी येऊ नये.

हेलिकॉप्टर कोठून येणार, हा यापुढचा प्रश्न. जुहूचा विमानतळ तुंगारेश्वरपासून सरळ रेषेत सु. ३५ किमी. व कुलाब्याचा नौदलाचा ‘शिक्रा’ तळ सु. ६० किमी. अंतरावर आहे. म्हणजे प्रत्यक्ष उड्डाण १० ते २० मिनिटांचे आहे. परंतु सैन्यदलांचे साहाय्य मागण्यासाठी जिल्हा व राज्य प्रशासनामार्फत मागणी जावी लागते, बादली जोडून तिची चाचणी घ्यावी लागते, सराव असलेला वैमानिक उपलब्ध असावा लागतो. उड्डाणाच्या वेळेपेक्षा या तयारीचा काळ अनेक पटींनी मोठा असतो. दुपारी तीनला लागलेल्या आगीसाठी संध्याकाळी निघालेले हेलिकॉप्टर अंधार पडण्याच्या सुमारास पोहोचते. भारतीय वन सर्वेक्षण विभाग उपग्रहांनी टिपलेल्या अग्निस्थानांच्या सूचना वनाधिकाऱ्यांना भ्रमणध्वनीवर पाठवितो. पण उपग्रह दिवसातून ठराविक वेळीच वरून जातात. मधल्या काळात धूर पाहणारा पहारेकरी व त्याच्याजवळची चालू असलेली संदेशयंत्रणा हीच पहिली सूचना ठरते.

ज्वाला शमल्यावरही काम उरते. वठलेले ओंडके, बुंध्यांच्या ढोली आणि बांबूच्या बेटांतील मुळे आत धुमसत राहतात व दुसऱ्या दिवशीच्या खाऱ्या वाऱ्याने पुन्हा पेट घेतात. ती कुदळीने उकरून, माती ओढून, हाताच्या पाठीने उष्णता चाचपून विझवावी लागतात. तुंगारेश्वरात हे काम वनरक्षक, हंगामी अग्निरक्षक आणि पायथ्याच्या पाड्यांवरील वारली, कातकरी व मल्हार कोळी समाजांतील माणसे करतात. हेलिकॉप्टर आलेले असो वा नसो, त्यांना जळालेल्या पट्ट्याच्या कडेने किमान एक रात्र आणि पुढची दुपार राखण करावी लागते.